नैसर्गिक मारक पेशींची जडणघडण

१९८९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एका किशोरवयीन मुलीची हकिगत प्रसिद्ध झाली. बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत ज्यातून बरी होतात, त्या कांजिण्या तेराव्या वर्षी तिच्या जिवावर बेतल्या. पुढे हर्पिस कुळातील इतर विषाणूंनीही तिला गाठले. रक्ताच्या तपासणीत एक विलक्षण गोष्ट आढळली. नैसर्गिक मारक पेशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशींचा तिच्या रक्तात मागमूस नव्हता. त्या का नव्हत्या, याचे उत्तर मिळण्यास पुढे २४ वर्षे लागली. ते उत्तर मारक पेशींत नव्हे, तर त्या ज्या मूलपेशींपासून बनतात, त्यांच्या जनुकांवरील नियंत्रणात दडलेले होते.

मारक पेशींचा शोध तसा अलीकडचा. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी कर्करोग आणि प्रतिकारशक्ती यांच्यावर प्रयोग करणाऱ्या संशोधकांना एक अडचण सतत जाणवत असे. ज्या प्राण्याचा किंवा माणसाचा विशिष्ट कर्करोगाशी कधीही संबंध आलेला नाही, त्याच्या पांढऱ्या पेशीदेखील परीक्षानळीत त्या कर्करोगाच्या पेशी मारत. हा प्रयोगातील दोष समजून बराच काळ तो हिशेबातून वजा केला जाई. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील रॉल्फ किसलिंग, ईव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल यांनी, तसेच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रोनाल्ड हर्बरमन यांनी हा दोष नसून पेशींच्या एका स्वतंत्र प्रकाराचे काम आहे, असे दाखवून दिले. पूर्वओळखीशिवाय मारण्याच्या गुणामुळे या पेशींना 'नॅचरल किलर' हे नाव मिळाले. रक्तातील लिम्फोसाइट पेशींमध्ये त्यांचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असते.

ओळख नसताना त्या शत्रू कसा निवडतात, याचा खुलासा कॅरोलिन्स्कामधीलच क्लास कॅरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये केला. शरीरातील केंद्रक असलेली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर 'एमएचसी वर्ग १' जातीची प्रथिने बाळगते. हे तिचे ओळखपत्रच होय. टी पेशींची नजर चुकवण्यासाठी अनेक विषाणू आणि कर्करोगाच्या पेशी हे ओळखपत्र दडवतात. मारक पेशी नेमका त्याच्या अभावाचा माग घेतात. ओळखपत्र दिसले की त्यांना लगाम बसतो, दिसले नाही की लगाम सुटतो आणि परफोरिन व ग्रँझाइम या प्रथिनांच्या साह्याने समोरच्या पेशीचा निकाल लावला जातो.

डीएनए तोच, वाचन वेगळे

मारक पेशी रक्तात साधारण दोन आठवडे राहतात. त्यामुळे नवा पुरवठा अखंड चालू ठेवावा लागतो. तो होतो रक्तमूलपेशींपासून. या मूलपेशींचे अस्तित्व टोरंटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध केले होते. एकाच मूलपेशीच्या वंशात लाल पेशी, बिंबिका, टी पेशी, बी पेशी आणि मारक पेशी असे सारे निपजतात.

येथे मारक पेशींचे एक वेगळेपण ध्यानात घ्यावे लागते. टी आणि बी पेशी घडताना आपल्या डीएनएचे काही तुकडे कापून नव्याने जोडतात. त्यातूनच त्यांना लक्षावधी प्रकारचे शत्रू ओळखता येतात. मारक पेशी असे काहीही करत नाही. मूलपेशीकडून मिळालेला डीएनए ती आहे तसाच वापरते. म्हणजे मूलपेशी आणि मारक पेशी यांच्यातील सारा फरक सुमारे २० हजार जनुकांपैकी कोणती वाचली जातात आणि कोणती मिटलेली राहतात, एवढ्याच गोष्टीचा आहे.

हे वाचन ठरते कसे? प्रत्येक पेशीतील सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तेथील जनुक वाचता येत नाही. सैल असेल तेथे वाचनाची यंत्रणा पोहोचते. कोठे सैल करावे आणि कोठे घट्ट, हे नियंत्रक प्रथिने ठरवतात. ती डीएनएवरील ठराविक जागी बसतात आणि एखादे जनुक चालू वा बंद करतात. ही नियंत्रक प्रथिनेही पुन्हा जनुकांपासूनच बनतात. त्यामुळे एक जनुक दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला झोपवते, असा आपसांतील कारभार तयार होतो. पेशीचे भवितव्य त्या कारभारात ठरते.

प्रवासाचे टप्पे सर्वसाधारणपणे असे सांगितले जातात. मूलपेशीपासून प्रथम लिम्फोसाइटांची सामाईक पूर्वज पेशी होते; ती उंदरांत १९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात वेगळी काढण्यात आली. तिच्यापासून मारक पेशीची पूर्वपेशी, मग अपक्व आणि शेवटी पक्व मारक पेशी. माणसांत या प्रवासाचा बराचसा भाग अस्थिमज्जेत नव्हे, तर लसिका ग्रंथी आणि टॉन्सिलमध्ये घडतो, असे ओहायो स्टेट विद्यापीठातील एहरॉन फ्रॉइड आणि मायकेल कॅलिज्युरी यांनी २००५-०६ मध्ये दाखवले. पाठ्यपुस्तकांतील वंशवृक्षाची चित्रे मात्र फार नेटकी असतात. प्रत्यक्षात फांद्यांमधील सीमा तितक्या पक्क्या नसतात, हे पुढे दिसेलच.

बाहेरचा निरोप

पूर्वपेशीला मारक पेशी होण्यासाठी बाहेरून एक निरोप यावा लागतो. इंटरल्युकिन-१५ हे तो निरोप आणणारे प्रथिन १९९४ मध्ये सापडले. त्याचे जनुक काढून टाकलेले उंदीर २००० मध्ये तयार करण्यात आले, तेव्हा त्यांच्यात मारक पेशी जवळपास नव्हत्याच. इंटरल्युकिन-१५ पेशीच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरला चिकटले की आत जॅक-३ हे प्रथिन जागे होते. ते स्टॅट-५ नावाच्या प्रथिनाला कामाला लावते. स्टॅट-५ केंद्रकात शिरून पेशीला जगवणारी आणि वाढवणारी जनुके उघडते.

हा निरोप तुटला तर काय होते, याचे माणसातील उदाहरण जगाला माहीत आहे. ह्यूस्टनचा डेव्हिड व्हेटर हा मुलगा १९७१ मध्ये जन्मला आणि १९८४ मध्ये वारला. त्याचे बहुतेक आयुष्य जंतुविरहित प्लास्टिकच्या आवरणात गेले. इंटरल्युकिन-१५सह अनेक इंटरल्युकिनांच्या रिसेप्टरमध्ये समान असलेला एक घटक अशा मुलांत सदोष असतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा आजार मुलग्यांना होतो. १९९३ मध्ये ते जनुक ओळखले गेले. या बाळांत टी पेशी नसतात आणि मारक पेशीही नसतात. बी पेशी मात्र असतात. उलट टी आणि बी पेशींचा डीएनए कापणारी यंत्रणा सदोष असेल, तर त्या दोन्ही पेशी नाहीशा होतात आणि मारक पेशी शाबूत राहतात, कारण त्यांना त्या कापाकापीची गरजच नसते. म्हणून वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्तातील मारक पेशींची नुसती मोजणी केली, तरी दोष कोणत्या जनुकात शोधावा याची दिशा मिळते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानासाठी अशी मोजणी केली जाते.

वाट अडवून वाट दाखवणे

निरोप येऊनही पूर्वपेशीसमोर टी आणि बी पेशी होण्याचे मार्ग खुले असतात. ते बंद करणे हे या कथेतील सर्वांत मनोवेधक प्रकरण म्हणावे लागेल. पेशीला टी किंवा बी होण्याकडे ढकलणाऱ्या नियंत्रकांना 'ई प्रथिने' म्हणतात. ती जोडीने डीएनएवर बसतात. आयडी-२ हे प्रथिन त्यांच्याशी जोडी जमवते; पण डीएनएला धरण्याचा भागच त्याच्याकडे नसतो. त्यामुळे त्याच्याशी जोडले गेलेले ई प्रथिन निकामी होते. स्वतः एकही जनुक न उघडता केवळ दुसऱ्याचे हात धरून ठेवणे, हे आयडी-२चे कार्य.

जपानमधील योशिफुमी योकोता आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये आयडी-२ नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्यात लसिका ग्रंथी तयार झाल्या नाहीत आणि मारक पेशी अत्यल्प राहिल्या. त्यापूर्वी, १९९७ मध्ये, मानवी पूर्वपेशींत आयडी-३ हे भावंड-प्रथिन वाढवले असता टी पेशींची वाट बंद होऊन मारक पेशी वाढल्याचे दिसले होते. पुढे २००७ मध्ये या चित्रात दुरुस्ती झाली. आयडी-२ नसले तरी आरंभीच्या पूर्वपेशी तयार होतात. अडते ते पक्वतेच्या वेळी. २०१६ मध्ये त्याचे कारणही कळले. लगाम नसलेली ई प्रथिने पेशीला इंटरल्युकिन-१५ची हाक ऐकूच येऊ देत नाहीत. बाहेरचा निरोप आणि आतला लगाम ही अशा रीतीने एकाच साखळीतील कडी ठरली.

सीमा किती पातळ असतात, ते २०१० मध्ये कळले. बीसीएल-११बी हे जनुक टी पेशींत कायम चालू असते. ब्रिटनमधील सँगर संस्थेतील पेंताओ लिऊ यांच्या गटाने उंदरांच्या टी पेशींतून ते काढून टाकले, तेव्हा त्या पेशी मारक पेशींसारख्या दिसू आणि वागू लागल्या. त्याच वेळी इतर दोन गटांनीही बीसीएल-११बी हे टी पेशींची ओळख टिकवणारे जनुक असल्याचे दाखवले. टी पेशी होणे म्हणजे एक प्रकारे मारक पेशी होण्याचे सतत टाळणे, असा याचा अर्थ.

२००९ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील ह्यू ब्रेडी यांच्या गटाने एनफिल-३ या जनुकाची भूमिका जाहीर केली. ते काढून टाकलेल्या उंदरांत टी आणि बी पेशी होत्या, मारक पेशी मात्र जवळपास नाहीशा झाल्या होत्या. वृत्तपत्रांनी त्याला 'मास्टर जनुक' ठरवले. ती घाई होती. एनफिल-३ सुरुवातीच्या वळणावर लागते, हे खरे. पण एकदा मारक पेशी तयार झाली की ते काढून घेतले तरी पेशी टिकून राहते. सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गात तर त्याच्यावाचूनही मारक पेशी वाढू शकतात, असे २०१३च्या सुमारास स्पष्ट झाले. पक्वतेची मदार टी-बेट आणि इओमेस या जोडगोळीवर असते. २०१२ मध्ये ही दोन्ही एकदम काढलेल्या उंदरांत पक्व मारक पेशी उरल्या नाहीत. एकट्या टी-बेटच्या अभावी त्या अर्धवट वाढीत अडकतात. एका सम्राटाऐवजी टप्प्याटप्प्याने कारभार पाहणारे अनेक अधिकारी, असेच येथील चित्र आहे.

गाटा-२ आणि अपुरा साठा

आता त्या मुलीकडे वळता येईल. गाटा-२ हे नियंत्रक प्रथिन मूलपेशींचा साठा राखण्याचे काम करते. २०११ मध्ये वेगवेगळ्या संशोधक गटांनी, वेगवेगळ्या आजारांचा माग काढत असताना, याच जनुकातील दोषांवर बोट ठेवले. आईवडिलांकडून मिळालेल्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली तरी हा आजार होतो. दुसरी प्रत निकोप असते, पण निम्म्या पुरवठ्यावर मूलपेशींचे भागत नाही. मोनोसाइट, बी पेशी आणि मारक पेशी हळूहळू घटतात; जंतुसंसर्ग वाढतात; काहींना पुढे रक्ताचा कर्करोग होतो.

२०१३ मध्ये एमिली मेस, जॉर्डन ऑरेंज आणि सहकाऱ्यांनी १९८९च्या त्या रुग्णातही गाटा-२चाच दोष असल्याचे दाखवले. त्यांच्या अभ्यासातील एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. मारक पेशींचे सीडी-५६ या खुणेच्या प्रमाणावरून दोन प्रकार पाडतात. ही खूण ठळक असलेल्या पेशी तरुण असतात. फिकट असलेल्या पेशी पक्व आणि मारण्यात तरबेज. रक्तात सुमारे ९० टक्के पेशी फिकट प्रकारच्या असतात. गाटा-२चा दोष असलेल्या काही रुग्णांत थोड्या मारक पेशी शिल्लक होत्या, पण त्या साऱ्या फिकट प्रकारच्या. मागून येणारी तरुण फळीच नव्हती. या आजारावर मुळापासूनचा उपाय एकच, तो म्हणजे निकोप मूलपेशींचे प्रत्यारोपण.

याच्या नेमके उलट चित्र आयर्लंडमधील 'ट्रॅव्हलर' या भटक्या समाजातील काही मुलांत २०१२ मध्ये आढळले. त्यांच्यात तरुण पेशी होत्या, पक्व पेशी नव्हत्या. दोष होता एमसीएम-४ या जनुकात. ते नियंत्रक नव्हे. पेशीविभाजनापूर्वी डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्राचा तो एक भाग आहे. सर्वच पेशींना लागणाऱ्या यंत्रातील बिघाडाचा फटका मारक पेशींना इतका का बसावा? पक्व होण्यापूर्वी त्यांना झपाट्याने विभाजित व्हावे लागते, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

प्रत्येक पेशीचा वेगळा स्वभाव

घडण पूर्ण होत आली की प्रत्येक मारक पेशी ओळखपत्रे तपासणारे रिसेप्टर धारण करते. माणसांत त्यांना 'केआयआर' म्हणतात. त्यांची जनुके १९व्या गुणसूत्रावर एका रांगेत असतात. कोणत्या पेशीत त्यांतील कोणती जनुके उघडावीत, याची निवड बऱ्याच अंशी योगायोगावर सोडलेली दिसते. उघडलेले जनुक उघडे राहते. न निवडलेल्या जनुकाच्या आरंभस्थानी मिथाइल गटांचे कुलूप बसते आणि पेशीच्या पुढच्या पिढ्यांतही ते तसेच राहते. त्यामुळे एकाच माणसात वेगवेगळ्या स्वभावांच्या मारक पेशी नांदतात. डीएनएची काटछाट न करता वैविध्य आणण्याची ही युक्ती आहे.

वेगाचे रहस्यही नियंत्रणातच आहे. इंटरफेरॉन-गॅमासारखी शस्त्रे बनवणाऱ्या जनुकांभोवतीची गुंडाळी टी पेशींत शत्रू भेटल्यानंतर सैल होते. मारक पेशींत ती घडणीच्या काळातच सैल करून ठेवलेली असते, असे अमेरिकेतील जॉन ओशे यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले. उंदरांच्या मारक पेशींत तर परफोरिन आणि ग्रँझाइम-बी यांचे आरएनए आगाऊ साठवलेले असतात. हाक आली की केवळ प्रथिन बनवायचे उरते. टी पेशींना तयारीला काही दिवस लागतात, मारक पेशी काही तासांत कामाला लागतात, ते यामुळे.

मारक पेशींना स्मरणशक्ती नसते, हे मतही आता मागे पडले आहे. २००९ मध्ये जोसेफ सन आणि लुईस लॅनियर यांनी उंदरांत सायटोमेगॅलो विषाणूची आठवण ठेवणाऱ्या मारक पेशी दाखवल्या. २०१५ मध्ये माणसांतही, या विषाणूचा संसर्ग होऊन गेलेल्या व्यक्तींच्या काही मारक पेशींत जनुकांवरील मिथाइल खुणा कायमच्या बदललेल्या आढळल्या.

प्रयोगशाळेतून रुग्णशय्येकडे

या ज्ञानाचा उपयोग कर्करोगाच्या उपचारात होऊ लागला आहे. इटलीतील पेरुजिया येथील आंद्रेआ वेलार्डी यांच्या गटाने २००२ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. तीव्र मायलॉइड प्रकारच्या रक्तकर्करोगात दात्याच्या मारक पेशींना रुग्णाची ओळखपत्रे अनोळखी वाटतील अशी जुळणी असेल, तर प्रत्यारोपणानंतर रोग उलटण्याचे प्रमाण घटते. मारक पेशी सहसा रुग्णाच्या निरोगी अवयवांवर तुटून पडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या 'कार-टी' उपचारात रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी काढून, बदलून पुन्हा द्याव्या लागतात. मारक पेशी मात्र एका दात्याकडून अनेकांना देता येण्याची शक्यता आहे.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील केटी रेझवानी यांच्या गटाने २०२० मध्ये असा पहिला मोठा प्रयत्न प्रसिद्ध केला. गर्भनाळेच्या रक्तातून मारक पेशी घेण्यात आल्या आणि कर्करोगाच्या पेशींवरील सीडी-१९ ही खूण ओळखणारे कृत्रिम रिसेप्टर त्यांच्यात बसवण्यात आले. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ११ रुग्णांपैकी ८ जणांत परिणाम दिसला. त्यांतील ७ जणांत रोग पूर्णपणे ओसरला. रुग्णसंख्या अगदी लहान होती, आणि काहींना पुढे इतर उपचारही मिळाल्याने गुण किती काळ टिकला, याचा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

खरी अडचण टिकाऊपणाची आहे. शरीराबाहेर वाढवलेल्या मारक पेशी रुग्णात गेल्यावर इंटरल्युकिन-१५च्या तुटवड्यामुळे लवकर नाहीशा होतात. ह्यूस्टनच्या गटाने म्हणूनच कृत्रिम रिसेप्टरबरोबर इंटरल्युकिन-१५चे जनुकही त्या पेशींत घातले. जो निरोप पूर्वपेशीला बाहेरून मिळावा लागतो, तो पेशीने स्वतःच निर्माण करावा, ही त्यामागील कल्पना. या पेशी रुग्णांत अल्प प्रमाणात का होईना, किमान वर्षभर आढळत राहिल्या. अर्थात वाढीचा निरोप स्वतःच देणारी पेशी बेलगाम होण्याचा धोका असतोच. त्यासाठी त्याच पेशींत आणखी एक जनुक घालण्यात आले होते. ठराविक औषध दिले की ते पेशीला आत्मनाश करावयास लावते. त्या ११ जणांपैकी कोणालाही ते औषध द्यावे लागले नाही.